'तपकिरी चरबी जागी करणारी' फॅट बर्नर डबी: सोलापूरच्या हवेत घ्यावी का?

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, जिमच्या काउंटरवर आणि सप्लिमेंटच्या दुकानांत प्रोटीनच्या बरण्यांशेजारी एक काळी डबी हमखास दिसते. आत ६० कॅप्सूल, वर ज्वाळेचं चित्र, आणि ठळक अक्षरांत दावा: 'यूसीपी१ सक्रिय करते, तपकिरी चरबी जागी करते, बसल्या जागी चरबी जाळते.' तपकिरी चरबी म्हणजे जळून उष्णता देणारी चरबी, आणि यूसीपी१ हे तिच्यातलं प्रथिन. हा थर्मोजेनिक, म्हणजे उष्णता वाढवण्याचा दावा करणाऱ्या फॅट बर्नरचा प्रकार. ब्रँडचं नाव इथे देत नाही, कारण एकाच साच्यातल्या अशा अनेक डब्या वेगवेगळ्या नावांनी फिरतात आणि मागची घटकांची यादी थोड्याफार फरकाने तीच असते.

मत आधीच सांगतो. पाचापैकी एक तारा, आणि तोही कॅफिनचं प्रमाण स्पष्ट छापलंय म्हणून. मार्च ते जूनच्या दरम्यान तर ही डबी घरात आणूच नये.

लेबल असं आहे. एका वेळच्या २ कॅप्सूलमध्ये कॅफिन २०० मिलिग्रॅम, ग्रीन टीचा अर्क ५०० मिलिग्रॅम आणि त्यात ४५ टक्के ईजीसीजी (ग्रीन टीमधला मुख्य घटक), लाल मिरचीचा अर्क १०० मिलिग्रॅम, तिखटपणा ४०,००० स्कोव्हिल, कडू संत्र्याचा अर्क म्हणजे सिनेफ्रिन, एल-कार्निटिन २५० मिलिग्रॅम, नायसिन ३० मिलिग्रॅम, मिरीतलं पायपरिन ५ मिलिग्रॅम. शेवटी 'ब्राऊन फॅट मॅट्रिक्स' नावाचं २०० मिलिग्रॅमचं मिश्रण, ज्यात समुद्री शेवाळातलं फ्युकोझॅन्थिन आहे, पण किती ते छापलेलं नाही. दिवसातून दोनदा घ्यायला सांगितलंय, म्हणजे डबी १५ दिवसांत संपते. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दाव्याकडे. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे तिच्या ऊर्जाघराला, दोन पडदे असतात. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या ऊर्जेवर आतल्या पडद्यातली प्रथिनं प्रोटॉन सतत बाहेरच्या बाजूला उपसत राहतात. ते परत आत येतात एटीपी सिंथेज या यंत्रणेतून, आणि त्या ओघावर एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, तयार होतं. पीटर मिचेल यांनी ही मांडणी १९६१ मध्ये केली आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तपकिरी चरबीच्या पेशींत याच आतल्या पडद्यात यूसीपी१ हे प्रथिन बसलेलं असतं. ते प्रोटॉनना एटीपी सिंथेज टाळून सरळ आत येऊ देतं. उजनीचं पाणी वीजगृहातून सोडलं तर वीज मिळते, सांडव्यावरून सोडलं तर नुसतंच खाली येतं; तसंच हे. फक्त इथे वाया गेलेली सगळी ऊर्जा उष्णता बनून बाहेर पडते, आणि ती उष्णता हेच या पेशीचं काम आहे. थंडीत अंग गरम ठेवायला नवजात बाळ कुडकुडत नाही, ते याच चरबीवर तगतं. म्हणून बाळाच्या पाठीत, मानेजवळ आणि मूत्रपिंडांभोवती ती भरपूर असते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पिलांचं असंच आहे. डुकराच्या पिलांत मात्र कामाचं यूसीपी१ नसतं, त्यामुळे त्यांना जन्मतःच बाहेरची ऊब द्यावी लागते.

डबीवरचं वाक्य नेमकं कुठे फसतं? हा सांडवा एरवी बंद असतो. पेशीतलं एटीपी, जीडीपी असे रेणू यूसीपी१ला चिकटून त्याला बंद ठेवतात. उघडायचा ठरलेला मार्ग एकच. त्वचेला गारवा जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सिम्पथेटिक मज्जातंतूंना चालना देतो, त्यांच्या टोकांतून नॉरएड्रेनालिन थेट तपकिरी चरबीच्या पेशीवर सुटतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, चरबीचे थेंब फुटून मेदाम्लं मोकळी होतात, आणि ती मेदाम्लंच यूसीपी१ उघडतात. तीच जळण म्हणूनही वापरली जातात. गारवा संपला की मज्जातंतू शांत होतात, मेदाम्लं सरतात, वाट पुन्हा बंद. म्हणजे या यंत्रणेचं बटण त्वचेवरच्या थंडीत आहे, पोटातल्या कॅप्सूलमध्ये नाही.

आणि आपल्याकडे तेच बटण वर्षातले बहुतेक दिवस कोणी दाबत नाही. उघड्या अंगाच्या माणसाला साधारण २८ ते ३२ अंशांच्या हवेत उष्णता टिकवण्यासाठी वेगळी ऊर्जा खर्चावी लागत नाही. सोलापुरात मे महिन्यात दुपारचा पारा ४२-४३ वर असतो, आणि रात्रीही अंगावर गारवा येईल इतकी हवा उतरत नाही. डिसेंबर-जानेवारीची पहाट सोडली तर इथल्या हवेत तपकिरी चरबीला जागं व्हायचं कारणच नाही. २००९ मध्ये अमेरिकेत १,९७२ जणांच्या पेट-सीटी (शरीरात कुठे जास्त इंधन जळतंय ते दाखवणाऱ्या) तपासण्या पाहिल्या गेल्या, तेव्हा ही चरबी ठळकपणे सक्रिय दिसली ७.५ टक्के स्त्रियांत आणि ३.१ टक्के पुरुषांत. बाहेरचं तापमान जितकं जास्त तितकी ती दिसायची शक्यता कमी, वय वाढलं की कमी, आणि बीटा-ब्लॉकर या ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांत कमी. सोलापूरच्या उन्हाळ्यातल्या ४५ वर्षांच्या, ब्लड प्रेशरची गोळी घेणाऱ्या माणसाला ही डबी विकणं म्हणजे काय, ते यावरून कळावं.

दुकानदार 'संशोधनात सिद्ध' म्हणतो ते बहुतेक उंदरांबद्दल असतं. उंदीर लहान, त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून २०-२२ अंशांच्या प्रयोगशाळेतही त्याला सतत थंडी वाजत असते आणि त्याची तपकिरी चरबी दिवसरात्र चालू असते. यूसीपी१ नसलेले उंदीर साध्या प्रयोगशाळेत लठ्ठ झाले नाहीत, पण ३० अंशांच्या उबेत ठेवल्यावर झाले, हे २००९ मध्ये दिसलं. म्हणजे सभोवतालचं तापमान बदललं की निष्कर्षच फिरतो. फ्युकोझॅन्थिनचा पुरावाही मुख्यतः उंदरांच्या पांढऱ्या चरबीत यूसीपी१ दिसल्याचा आहे. तो ७० किलोच्या माणसाला, तेही प्रमाण न छापलेल्या मिश्रणाच्या भरवशावर, लावता येत नाही.

मिरचीचा मुद्दा जरा सविस्तर पाहू, कारण तो सोलापूरकरांच्या रोजच्या ताटातला आहे. मिरचीसारख्या पण तिखट नसलेल्या कॅप्सिनॉइड नावाच्या रेणूंवर जपानमध्ये माणसांवर चांगले प्रयोग झालेत. तिथे ९ मिलिग्रॅमच्या मात्रेने, ज्यांच्यात आधीच तपकिरी चरबी आहे त्यांचा ऊर्जाखर्च थोडा वाढला. आता डबीचा हिशेब करा. १६ स्कोव्हिल म्हणजे दशलक्षात १ भाग कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीचा तिखट रेणू. ४०,००० स्कोव्हिलचा अर्क म्हणजे ०.२५ टक्के. १०० मिलिग्रॅममध्ये कॅप्सेसिन आलं ०.२५ मिलिग्रॅम. ३०,००० स्कोव्हिलच्या साध्या लाल तिखटात इतकं कॅप्सेसिन सुमारे ०.१३ ग्रॅमला मिळतं, म्हणजे चिमूटभरापेक्षाही कमी. दोन्ही वेळच्या जेवणात मिळून ५ ग्रॅम तिखट पोटात गेलं तर ९ मिलिग्रॅमच्या आसपास कॅप्सेसिन जातं. शेंगाचटणी आणि भाकरी खाणाऱ्या घराला हा अर्क वेगळे पैसे मोजून घ्यायची गरज नाही. आणि शेंगाचटणीने कोणाची चरबी झडताना दिसली नाही, हेही आपण सगळे जाणतो.

कॅफिन हा डबीतला एकमेव घटक आहे ज्याचा परिणाम माणसात नीट मोजला गेलाय. १०० मिलिग्रॅम कॅफिनने विश्रांतीतला ऊर्जाखर्च सुमारे अडीच तास ३ ते ४ टक्के वाढतो. दिवसाला १,६०० कॅलरी विश्रांतीखर्च असलेल्या माणसाचा ताशी खर्च ६७ कॅलरी. त्याचे ३-४ टक्के, अडीच तास, म्हणजे ६ कॅलरींच्या आसपास. चार कॅप्सूलमधल्या ४०० मिलिग्रॅमचे, सगळं डबीच्या बाजूने धरलं तरी, २५ कॅलरी होतात. कॅफिन आणि ईजीसीजी एकत्र दिल्यावर दिवसभराचा खर्च ४ टक्के वाढल्याचा १९९९ चा एक लहान प्रयोग आहे, पुढे सगळ्यांना तेवढा परिणाम मिळाला नाही. तोही पूर्ण मान्य करू आणि दिवसाला ८० कॅलरी धरू. एक किलो शारीरिक चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ८० ने भागा: ९६ दिवस. १५ दिवसांची डबी, म्हणजे एका किलोसाठी सहाहून जास्त डब्या. याच दिवसांत जेवताना १५ ग्रॅम शेंगाचटणी जास्त घेतली तर दिवसाचा सगळा हिशेब बरोबरीत सुटतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने अर्धा तास झपझप चालण्याने शंभराच्या पुढे कॅलरी जातात, आणि त्या रोज तितक्याच जातात. कॅफिनला मात्र शरीर काही दिवसांतच सरावतं.

या कॅफिनचा यूसीपी१शी संबंध जोडायला डबीवर 'फॉस्फोडायएस्टरेज रोखून सायक्लिक एएमपी वाढवते' असं छापलंय. फॉस्फोडायएस्टरेज म्हणजे सायक्लिक एएमपी मोडणारं एन्झाइम. परीक्षानळीत ते होतं. चहा-कॉफी-कॅप्सूलच्या मात्रेत रक्तात जेवढं कॅफिन असतं, त्याने मुख्यतः ॲडेनोसिन या झोप आणणाऱ्या रेणूचे पेशींवरचे रिसेप्टर अडतात. फॉस्फोडायएस्टरेज रोखायला त्याहून कितीतरी जास्त लागतं.

मग कॅप्सूल घेतल्यावर अंग तापल्यासारखं का वाटतं? गिऱ्हाईक पटतं ते याच जाणिवेवर, म्हणून हे नीट समजून घ्या. ३० मिलिग्रॅमच्या पुढे निकोटिनिक आम्लाच्या रूपातलं नायसिन त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतं. अर्ध्या तासाच्या आत चेहरा, कान, मान लाल होऊन गरम लागतात. मिरचीचा रेणू टीआरपीव्ही१ या उष्णतेच्या संवेदकाला चालू करतो, म्हणून मेंदूला 'गरम' असा निरोप जातो आणि घाम सुटतो. कॅफिन आणि सिनेफ्रिनने नाडी वाढते. या तिन्हींत यूसीपी१ कुठेच नाही. उलट खरी तपकिरी चरबी काम करत असते तेव्हा माणसाला थंडी वाजत असते. यूसीपी१चं काम ओळखायचं तर थंडीतलं पेट स्कॅन किंवा श्वासातल्या ऑक्सिजनचं मोजमाप लागतं. कपाळावरचा घाम आणि जिममधलं बॉडी फॅटचं मशीन यांनी ते कळत नाही. ते मशीन शरीरातल्या पाण्यातून जाणाऱ्या विजेवरून अंदाज बांधतं, त्यामुळे घाम गाळून आल्यावरचा आकडा धरूच नये. एक लिटर घाम म्हणजे काट्यावर एक किलो कमी. तांब्याभर पाणी प्यायलं की त्यातलं भरून यायला लागतं.

डबीच्या मागच्या बाजूला 'यूसीपी२ आणि यूसीपी३ यांनाही चालना' असंही आहे. ही दोन प्रथिनं १९९७ मध्ये सापडली तेव्हा खरंच मोठी आशा होती, कारण यूसीपी३ स्नायूंत असतं आणि स्नायू भरपूर असतात. पण उपाशी राहिल्यावर, म्हणजे शरीर ऊर्जा वाचवत असताना, स्नायूंतलं यूसीपी३ वाढतं. उष्णता निर्माण करणाऱ्या प्रथिनाने असं वागणं शक्य नाही. त्याचा संबंध मेदाम्लांच्या हाताळणीशी असावा असं मानलं जातं. यूसीपी२ मायटोकॉन्ड्रियातून काही लहान कार्बनी रेणू बाहेर नेतं, आणि स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत ते जास्त झालं तर इन्सुलिन कमी सुटतं. मधुमेहाची भीती असलेल्या माणसाला 'यूसीपी२ वाढवा' म्हणणं हा चांगला सल्ला नव्हेच.

आता उन्हाळ्याचा धोका, आणि इथे सौम्य भाषा वापरणार नाही. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीरातली उष्णता बाहेर जायला घामाचं बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तासाला ५०० कॅलरी खर्चणारा व्यायाम केला तर त्यातल्या जवळपास ४०० उष्णता बनतात, म्हणजे फक्त तेवढ्यासाठीच पाऊण लिटरच्या आसपास घाम उडावा लागतो. बाहेरून शिरणारी उष्णता वेगळी. आपली हवा कोरडी आहे ही सोय आहे, पण पाणी झपाट्याने कमी होतं. अशा वेळी सिनेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, कॅफिन थकवा जाणवू देत नाही, आणि माणूस थांबायच्या वेळी थांबत नाही. पत्र्याच्या शेडमधल्या जिमला आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आठ-दहा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला हे सगळ्यात जास्त लागू आहे. डोकं जड होणं, मळमळ, पेटके आले की लगेच सावलीत. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, अंग भट्टीसारखं तापणं हा उष्माघात: १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत पंख्याचा वारा घाला. पॅरासिटामॉल देऊ नका. तापात हायपोथॅलॅमसने शरीराच्या तापमानासाठी ठरवलेला नेम वर सरकलेला असतो, तो ही गोळी खाली आणते. उष्माघातात नेम जागेवरच असतो, म्हणून गोळीचा उपयोग होत नाही.

याहून वाईट वस्तू एक आहे. काउंटरवर न ठेवता 'स्ट्राँग वाला' म्हणून किंवा ऑनलाइन मागवून दिली जाणारी पिवळी पूड अथवा तिच्या कॅप्सूल, नाव डीएनपी, म्हणजे डायनायट्रोफिनॉल. हे खरंच अनकपलर आहे, म्हणजे एटीपी न बनवता ऊर्जेची उष्णता करणारं, आणि म्हणूनच जीवघेणं आहे. यूसीपी१ मुख्यतः तपकिरी चरबीत असतं आणि त्याला ब्रेक आहेत. डीएनपी शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात प्रोटॉन झिरपवतं आणि त्याला ब्रेक नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत ते वजन कमी करायला दिलं जाऊ लागलं, लाखभर लोकांनी घेतलं, मोतीबिंदू आणि मृत्यू समोर आले, आणि १९३८ मध्ये ते माणसाने घेण्यास अयोग्य ठरवलं गेलं. सल्फर ब्लॅक हा काळा रंग बनवायला ते वापरतात. ते कारखान्यातलं रसायन आहे, खायची वस्तू नव्हे. शरीरातून ते सावकाश जातं म्हणून रोजचे डोस साचत जातात, आणि त्यावर उतारा नाही. पिवळा घाम, धाप, न थांबणारी उष्णता दिसली तर वाट पाहू नका, थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या आणि काय घेतलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सोबत उरलेली पुडीही न्या.

काळ्या डबीकडे परत. २०० मिलिग्रॅम कॅफिन एका वेळी आणि ४०० दिवसभरात ही निरोगी प्रौढाची वरची मर्यादा मानली जाते. डबी ती मर्यादा एकटीच गाठते. वर व्यायामाआधीचं प्री-वर्कआउट आणि दिवसातले चार चहा आले की ती सहज ओलांडली जाते. धडधड, हात थरथरणं, चिडचिड यांचं कारण बहुधा हेच. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या बॅचच्या आधी घेतलेल्या दोन कॅप्सूल मध्यरात्रीपर्यंत झोप येऊ देत नाहीत. ईजीसीजीचं गणितही बघा. चार कॅप्सूलमध्ये ४५० मिलिग्रॅम होतं, आणि दिवसाला ८०० च्या पुढे यकृताची एन्झाइम वाढू शकतात. 'लवकर फरक पडावा' म्हणून डोस दुप्पट करणारा ९०० वर जातो, तेही रिकाम्या पोटी, जेव्हा ते जास्त शोषलं जातं. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली की बंद करून एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) तपासा. ब्लड प्रेशर, हृदयविकार, थायरॉइड वाढलेला किंवा थायरॉक्सिनची गोळी चालू, दम्याचा पंप, नैराश्यावरची काही औषधं, गरोदरपण: यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

तपकिरी चरबी वाढवायचीच असेल तर माणसांत दिसलेला मार्ग उपलब्ध आहे. जपानमधल्या प्रयोगात रोज २ तास १७ अंशांत, सहा आठवडे राहिल्यावर ती वाढली आणि अंगातली चरबी थोडी घटली. नेदरलँड्समध्ये १५-१६ अंशांत रोज ६ तास, १० दिवस असा प्रयोग होता. हे सोलापुरात करायचं म्हणजे एसी १७ वर लावून पातळ कपड्यांत बसायचं. दीड टनाचा एसी दोन तासांत तीनेक युनिट घेतो. फायदा लहान, बिल मोठं, आणि थंडी थांबली की परिणामही ओसरतो. गार पाण्याच्या अंघोळीचा सल्ला इथे मे महिन्यात निरर्थक आहे, गच्चीवरच्या टाकीचं पाणीच अंगाला चटका देतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर न चढवता, पण कुडकुडणार नाही इतपत कपड्यांत फिरायला जाणं हा यातला बिनखर्चाचा भाग. हृदयाचा त्रास असलेल्यांनी तोही करू नये.

तरीही कोणी अशी डबी घेणारच असेल तर आधी मागची बाजू वाचावी. १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, बॅच नंबर, संपण्याची तारीख, 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना आणि प्रत्येक घटकाचं स्वतंत्र प्रमाण दिसलं पाहिजे. 'मॅट्रिक्स' किंवा 'ब्लेंड' म्हणून एकत्र आकडा दिला असेल तर तो भाग किमतीतून वजा धरा. सील तुटलेली, आयात केल्याचं सांगितलेली पण आयातदाराचा पत्ता नसलेली डबी घेऊ नका. पक्कं बिल मागा. ते नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करताना हातात काही उरत नाही.

डबी आधीच चालू असेल तर एकदम सोडल्यावर दोन-चार दिवस डोकं दुखतं, ते कॅफिन थांबल्यामुळे. पहिले तीन दिवस संध्याकाळचा डोस बंद ठेवा, पुढचे तीन दिवस सकाळी एकच कॅप्सूल, मग थांबा. उरलेल्या कॅप्सूल दुसऱ्या कोणाला देऊ नका.